पोटगी थकवून परदेशी निघालेल्याचा पासपोर्ट कसा अडवायचा

माझ्या लेकीचा बाप आखातात नोकरीला. कोर्टाने तिला महिना ८ हजार पोटगी बांधून दिली, तरी हा सुट्टीला नाशकात यायचा, सिडकोत मित्राकडे राहायचा आणि एक रुपया न देता परत जायचा. पासपोर्टाचा विषय निघाला तेव्हा कुठे पैसे निघाले.

अमेरिकेत मुलांच्या पोटगीची थकबाकी २५०० डॉलरच्या वर गेली की सरकार पासपोर्टच नाकारतं. आपल्याकडे आपोआप काही होत नाही, मागे लागावं लागतं.

आधी वही करा. महिना, येणं, मिळालं, बाकी. सोबत पासबुकाची झेरॉक्स. मग लगेच वसुलीचा अर्ज, पूर्वीचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज नसेल तर त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. ‘दिवाळीला देतो’ म्हणाला म्हणून मी थांबले आणि लेकीचे तीन महिने हातचे गेले. ते अजून मनाला लागून आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता मुख्य गोष्ट. फौजदारी कोर्ट स्वतः पासपोर्ट जप्त करून ठेवू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सुरेश नंदा प्रकरणात सांगितलंय. तो अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा, १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम १०(३). त्यातलं ‘एच’ आपल्या कामाचं: हजर राहण्याचं समन्स किंवा वॉरंट, अटकेचं वॉरंट, नाहीतर देश सोडायला कोर्टाची मनाई. नुसत्या वसुलीच्या वॉरंटचं नाव त्यात नाही. म्हणून अटक वॉरंट आणि मनाई, दोन्ही स्पष्ट शब्दांत मागा. माझ्या पहिल्या अर्जात ही मागणीच नव्हती, चार तारखा वाया गेल्या.

वॉरंटची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि पासपोर्ट नंबर लिहून प्रादेशिक पासपोर्ट अधिकाऱ्याकडे अर्ज करा, पोच घ्या. नंबर म्हणजे एक अक्षर, सात आकडे. मला तो लेकीच्या लसीकरण कार्डाच्या पिशवीत सापडला, त्याच्या जुन्या व्हिसाच्या झेरॉक्सवर. घडीवरची शाई उडालेली, शेवटचा आकडा ३ की ८ कळेना. लग्ननोंदणीला जोडलेल्या प्रतीशी ताडून घेतला.

अधिकारी आधी त्याचं म्हणणं मागवतो, त्यात दिवस जातात. त्यामुळे तो सुट्टीला यायच्या आधीच कागद तयार ठेवा. आमच्याकडे नोटीस गेली तेव्हा त्याच्या विमानाला बारा दिवस होते. सहाव्या दिवशी ७२ हजारांचा डीडी कोर्टात जमा झाला. त्याच्या वकिलाने तिथल्या तिथे पुरसिसवर, म्हणजे पैसे मिळाल्याचं कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही मागितली. मी दिली नाही. पैसे खात्यात दिसेपर्यंत तुम्हीही देऊ नका.