एअर पंप निवडताना या चुका टाळा

‘साहेब, दीड इंची डायफ्रॅम पंप पाठवा, आजच.’ लिक्विड कोणतं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘केमिकल आहे हो, तुम्ही पाठवा तर खरं!’ पुढच्या कटकटीची सुरुवात इथेच होते. कारण हा पंप हवेच्या दाबाने आतला लवचिक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, पुढे-मागे हलवून लिक्विड ढकलतो, आणि तो पडदा कशाचा हवा हे लिक्विडवर ठरतं.

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे महागडा डायफ्रॅम तो चांगला, हा समज. तारापूरच्या एका कारखान्यात ॲसिटोनसाठी हौसेने व्हायटन या महागड्या रबराचे डायफ्रॅम मागवले होते. व्हायटन तेलाला, टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटला उत्तम. ॲसिटोनसारख्या कीटोन जातीच्या सॉल्व्हंटपुढे मात्र ते नांगी टाकतं. पंप अडखळायला लागला, तर ऑपरेटरने हवेचं प्रेशर वाढवलं. दुसरं काय सुचणार! पंप उघडला तेव्हा डायफ्रॅम फुगून कडेला लाटा आलेल्या आणि मधल्या प्लेटपाशी चीर. डायफ्रॅम फाटला की लिक्विड हवेच्या बाजूला शिरतं आणि मफलरमधून, म्हणजे वापरलेली हवा सोडणाऱ्या सायलेन्सरमधून, बाहेर येतं. इथे ॲसिटोनचा फवारा उडत होता आणि हातभर अंतरावर फ्लेमप्रूफ नसलेली साधी मोटर. आग लागली नाही, हे नशीब. तिथे ईपीडीएम हे स्वस्तातलं रबर चाललं असतं, पण तेच तेलात फुगतं. टेफ्लॉन जवळपास सगळ्याला चालतं, मात्र ताठ असल्यामुळे कोरडं सक्शन, म्हणजे रिकाम्या पाइपातून लिक्विड वर ओढणं, कमी देतं. म्हणून लिक्विडचं नाव, टक्केवारी आणि तापमान लिहून आल्याशिवाय मी कोटेशन देत नाही. गिऱ्हाईक चिडलं तर चिडलं. माल ज्वलनशील किंवा विषारी असेल तर मफलर काढून एक्झॉस्ट पाइपाने बाहेर, सुरक्षित जागी नेतो.

‘पंप हवेवर चालतो, मग स्पार्क कुठून येणार?’ हाही ठरलेला प्रश्न. वाहत्या टोल्युइनमध्ये स्थिर वीज साठते आणि साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या बॉडीतून ती जमिनीत जात नाही. सॉल्व्हंटसाठी धातूची किंवा कंडक्टिव्ह प्लॅस्टिकची बॉडी घ्या. पंप, होज आणि ड्रम, तिन्हींना अर्थिंग द्या. क्लॅम्प रंगावर अडकवून मोकळं होणारेही भेटतात. मी रंग खरवडतो आणि मीटर लावून बघतो.

ॲल्युमिनियमच्या पंपात कॉस्टिक सोडा घालू नका, हायड्रोजन सुटतो. मिथिलीन क्लोराइड हे क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट तर त्यात अजिबात नको, स्फोट होऊ शकतो.

५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची हवा दिली तर डिलिव्हरीला ५ किलोच्या वर प्रेशर मिळणार नाही. फिल्टर प्रेसला, म्हणजे दाबाने लिक्विड गाळणाऱ्या यंत्राला, ७ किलो लागत असेल तर पंप नुसता थांबून राहील, त्यात त्याचा दोष नाही.

पाऊण इंची एअर इनलेटला रेड्युसर लावून पाव इंची नळी जोडायची आणि फ्लो कमी म्हणून ओरडायचं, हे बंद करा.

हवा ओली असेल तर भर मे महिन्यातही मफलरमध्ये बर्फ धरतो. ड्रायर लावा, गरम पाण्याची बादली हा इलाज नव्हे.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला की पंप आपोआप थांबतो, हे खरं. पण तसाच सोडून घरी जाऊ नका. रात्री होज निसटला तर पंप पुन्हा सुरू होईल आणि हवा आहे तोवर अख्खी टाकी जमिनीवर ओतेल. जाताना एअर लाइनचाच व्हॉल्व्ह बंद करा.