लांब नाकाचं नदीकाठचं वटवाघूळ: पाठीवरच्या रेषांवर विसंबू नका

कोस्टारिकातल्या टॉर्टुगेरोच्या कालव्यांतून दिवसा होडीने जाताना पाण्यावर झुकलेल्या खोडांची खालची बाजू बघत चला. एकाखाली एक अशा सरळ रांगेत करडे ठिपके दिसले की इंजिन बंद करायला सांगा आणि होडी नुसती वाहू द्या. ही बहुतेक ऱ्हिंकोनिक्टेरिस नासो असतात. मेक्सिकोच्या दक्षिणेपासून ब्राझीलपर्यंतच्या सखल, दमट जंगलात पाण्याकाठी राहणारं हे कीटकभक्षी वटवाघूळ, वजन जेमतेम ३ ते ६ ग्रॅम. १८२० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ विड-नॉयविड यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाठीवरच्या दोन फिकट नागमोडी रेषांमुळे. रेषा दिसल्या की लोक नाव लिहून मोकळे होतात. पण तशाच रेषा सॅकॉप्टेरिक्स बायलिनिएटा आणि सॅकॉप्टेरिक्स लेप्ट्युरा या दुसऱ्या दोन वटवाघळांच्याही पाठीवर असतात, आणि दोन्ही त्याच जंगलात राहतात. शिवाय पावसाने केस भिजले की नासोच्या रेषा जवळपास दिसेनाशा होतात.

त्यामुळे आधी पाठ नव्हे, हात बघा. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावर थोड्या थोड्या अंतराने पांढुरक्या केसांचे झुबके असतात. ही खूण पक्की. सॅकॉप्टेरिक्समध्ये ती नसते. ८×४२ची दुर्बीण आणि पाच-सहा मीटर अंतर पुरतं, मात्र ऊन तुमच्या पाठीमागून यायला हवं. उजेड समोरून असेल तर झुबके काळ्या आकृतीत बुडून जातात. अशा वेळी होडी पलीकडून आणा. मग बाजूने नाक बघा: वरच्या ओठाच्या बरंच पुढे आलेलं, टोकदार. रंग करडा-तपकिरी, केसांची टोकं पिवळट पांढरी, त्यामुळे अंगावर शेवाळ चढल्यासारखं वाटतं.

बसण्याची जागाही बोलकी असते. नासो पाण्यावरच्या उघड्या खोडावर, एकमेकांत वीतभर किंवा त्याहून कमी अंतर ठेवून बसतात. टोळी बहुधा पाच-दहांची, कधी चाळीसपर्यंतही. धोका वाटला की वारा नसतानाही वाळक्या पानासारखी झुलतात आणि मग सगळी एकदम उडून पुढच्या खोडावर जातात. एकदा उडाली की पाठलाग करू नका, फ्लॅशही मारू नका. भर दिवसा उघड्यावर उडणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. बायलिनिएटा सहसा मोठ्या झाडांच्या रुंद आधारमुळांच्या खोबणीत किंवा भिंतीवर सापडतं. पाठ जवळजवळ काळी, रेषा ठळक. लेप्ट्युरा तपकिरी असतं, लहान गटाने झाडाच्या बुंध्यावर बसतं, आणि फसवतं ते मुख्यतः हेच.

हातात घेऊन मोजणी करायची तर परवाना, रेबीजची आगाऊ लस आणि हातमोजे, हे तिन्ही हवंच; यातलं एक जरी कमी असेल तरी वटवाघळाला हात लावायचा नाही. पंख मिटवून कोपर ते मनगट हे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. नासोचं ३५ ते ४१ मिलिमीटर, लेप्ट्युराचं साधारण ३७ ते ४३, बायलिनिएटाचं ४४च्या पुढे. म्हणजे या मापाने बायलिनिएटा बाद होतं, लेप्ट्युरा होत नाही. त्यातही पिल्लू असेल तर मोठ्या जातीचं मापही लहान येतं. म्हणून आधी पंख उजेडासमोर धरून बोटांचे सांधे तपासा: कूर्चेचे पारदर्शक पट्टे दिसले तर वाढ पूर्ण झालेली नाही, ते माप धरू नका. नर असेल तर कोपराजवळच्या पुढच्या पडद्यात पिशवी शोधा. सॅकॉप्टेरिक्सच्या नरात ती ठसठशीत असते, नासोत नसतेच. मादीत मात्र पिशवी दिसली नाही म्हणून काही ठरत नाही. तिथे पुन्हा हातावरचे झुबकेच बघा. शेपटीचं टोक मागच्या पायांमधल्या पडद्याच्या वरच्या बाजूने बाहेर आलेलं असतं, पण ती सगळ्या कुळाची खूण आहे. महाराष्ट्रातल्या गुहांमध्ये आणि जुन्या वास्तूंत राहणारी टॅफोझोअस वटवाघळं याच कुळातली, त्यांचीही शेपटी अशीच.

रात्री आवाजावरून ओळखायचं तर आधी आवाज नोंदवणाऱ्या यंत्राची क्षमता तपासा. नासोची हाक साधारण १०० किलोहर्ट्झला, जवळपास सपाट रेषेत असते. १९२ किलोहर्ट्झने नमुने घेणारं यंत्र त्याच्या निम्म्या, म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतं, म्हणजे मुख्य हाक हुकते. कधी उरतो तो त्याच हाकेचा ५० किलोहर्ट्झजवळचा, निम्म्या उंचीचा क्षीण मूळ स्वर, आणि लेप्ट्युराच्या हाका ५१ ते ५५ किलोहर्ट्झच्या असल्यामुळे नोंद चुकीच्या नावाने जाते. किमान २५० किलोहर्ट्झची सेटिंग ठेवा. एवढा उंच आवाज हवेत लवकर विरतो, म्हणून मायक्रोफोन काठापासून दूर, झाडीत लावून उपयोग नाही. नासो जिथे पाण्याला लागून किडे टिपतं तिथेच, पाण्याकडे तोंड करून लावा.