काशीद-मुरुडला पंचवीस जणांसाठी घर घेताय? या चुका टाळा

रेवदंड्याची खाडी ओलांडून साळावला उतरले की कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरुड अशी किनाऱ्याची गावे लागत जातात आणि त्यांच्या पाठीशी फणसाड अभयारण्याचे डोंगर असतात. समुद्र, डोंगर आणि पक्षी इतक्या जवळ मिळत असल्यामुळे तीन-चार कुटुंबे किंवा कार्यालयातील मंडळी मिळून येथे अख्खा बंगला भाड्याने घेतात. अशा सहली बिघडतात त्या बहुधा घरामुळे नव्हे, तर पंचवीस माणसांना एकाच वेळापत्रकात बसवण्याच्या अट्टाहासामुळे.

भरती-ओहोटी न पाहता दिवस आखणे

ही सर्वांत गंभीर चूक आहे. जेवण आटोपून दुपारी सर्वांनी मिळून पाण्यात उतरायचे, असा बेत घरी बसून ठरवला जातो आणि त्या वेळी भरती असेल की ओहोटी, हे कोणीही पाहत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. हे किनारे दिसायला कितीही शांत असले, तरी ओहोटीचे पाणी ओढ घेऊ लागले की गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्याही पायाखालची वाळू सरकते आणि तोल जातो.

कोकणातील जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. म्हणजे चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि तेथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्यामुळे पाणी अधिक चढते आणि उतरतानाची ओढही वाढते. अर्थात हा हिशेब बेत आखण्यापुरता आहे. प्रत्यक्ष पाण्यात उतरण्यापूर्वी जीवरक्षकांना किंवा किनाऱ्यावरील कोळी बांधवांना विचारलेच पाहिजे आणि त्यांनी नको म्हटले, तर तेथे वाद घालू नये. मोठ्या गटात प्रत्येकाला वाटते की मुलांकडे दुसरे कोणीतरी पाहत आहे. म्हणून दोन मोठ्या माणसांनी पाण्यात न उतरता केवळ डोकी मोजत बसावे आणि थोड्या थोड्या वेळाने ती जबाबदारी दुसऱ्या दोघांनी घ्यावी. हे ठरवून केले नाही, तर आपोआप होत नाही.

संपूर्ण गटाने जंगलात जाणे

फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. तेथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात आणि उन्हाळ्यात पक्षी पाहायचे तर अशा पाणवठ्याच्या आसपास शांत बसून राहण्यासारखा दुसरा मार्ग नाही. पंचवीस जणांचा घोळका बोलत चालला, तर शेकरू दिसण्यापूर्वीच पसार होते आणि स्वर्गीय नर्तक, हळद्या किंवा सर्पगरुड पाहण्याची आस असलेले तीन-चार जण हिरमुसले होऊन परततात. खरोखर आवड असलेल्या पाच-सहा जणांचीच तुकडी पहाटे निघावी आणि बाकीच्यांनी खुशाल झोपावे, यात कोणाचाही अपमान नाही. या तुकडीची गाडी रात्रीच फाटकाच्या तोंडाशी लावून ठेवावी. ती अंगणात इतर गाड्यांच्या मागे अडकली, तर पहाटे पाचला त्या गाड्यांच्या चाव्यांसाठी सगळे घर उठवावे लागते. भ्रमणध्वनीवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण विणीच्या काळात पक्षी घरटे सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात शक्ती खर्च करतो.

खाडीच्या चिखलावर हिवाळ्यात येणारे तुतवार आणि चिखल्या पाहायचे असतील, तर पुन्हा भरतीच्याच वेळेकडे यावे लागते. पूर्ण ओहोटीला हे पक्षी दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात आणि दुर्बिणीतून नीट दिसतात. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात ‘जाता जाता’ भर दुपारी थांबण्याचा मोहही सोडावा. तेथे जायचे तर सकाळीच पोहोचावे.

घराविषयी चुकीचे प्रश्न विचारणे

‘किती जण झोपू शकतील?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच समाधानकारक मिळते, कारण गाद्या कितीही अंथरता येतात. न्हाणीघरे किती, पाण्याची टाकी किती लिटरची, टाकी रिकामी झाल्यास टँकर किती वेळात येतो आणि एका वेळी किती गिझर चालतात, हे विचारावे. समुद्रावरून आलेली वीस माणसे तासाभरात आंघोळ करतात तेव्हा टाकीचा तळ दिसतो. अंगणातल्या नळावर आधी वाळू धुऊन घेतली, तर पाणीही वाचते आणि मोऱ्याही तुंबत नाहीत. इन्व्हर्टर असतो, पण तो सहसा दिवे-पंख्यांपुरताच, हेही गृहीत धरावे. जेवण गावातील घरगुती खानावळीतून मागवणार असाल, तर शाकाहारी आणि मासे खाणाऱ्यांची नेमकी संख्या आदल्या रात्रीच कळवावी. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला कायद्याने मनाई आहेच, शिवाय शेजारी राहणारे गावकरी वर्षभर तेथेच असतात.

वाट आणि ऋतू यांची चौकशी न करणे

पावसाळ्यात गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी आणि जंजिरा किल्ल्याकडे जाणारी होडी-वाहतूक बंद असते. जुलैमध्ये या दोन्हींवर बेत बांधू नये. गट मोठ्या बसने येणार असेल, तर रेवदंडा-साळाव पुलावरून जड वाहने सोडली जात आहेत का, याची निघण्याच्या आठवड्यात खात्री करून घ्यावी, आणि सोडत नसल्यास रोह्याकडून येणारा रस्ता धरावा.