सौर खिडक्या बसवताय? या चुका टाळा

खिडकीच्या काचेतूनच वीज मिळणार असे कळले की सोसायटीच्या सभेत पहिला प्रश्न येतो तो ‘किती वॅट?’ हा. प्रश्न रास्त आहे, पण तोच पहिला धरला की पुढच्या बहुतेक चुका त्याच्या मागोमाग येतात, कारण खिडकीशी बसणाऱ्या माणसाला आधी उजेड, गारवा आणि बाहेरचे दृश्य हवे असते.

सर्वांत महागात पडते ते ‘पारदर्शक’ या शब्दावर विसंबणे. जो उजेड काचेतून आत आला, त्याची वीज होत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात रिचर्ड लंट यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेली जवळजवळ बिनरंगी काच डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील आणि अवरक्त किरणांवर चालते. बाजारात मात्र याच नावाखाली अनेकदा वीज बनवणाऱ्या पदार्थाचा पातळ थर दिलेली अर्धपारदर्शक काच किंवा दोन काचांमध्ये सिलिकॉनचे चौकोनी सेल, म्हणजे वीज बनवणारे तुकडे, अंतराअंतराने बसवलेली तावदाने दाखवली जातात. पहिल्या प्रकारात खोलीला बऱ्याचदा तपकिरी झाक येते आणि दुसऱ्यात उघड्या वहीवर सावल्यांचे चौकोन सरकत राहतात. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या स्विसटेक कन्व्हेन्शन सेंटर या सभागृहाला २०१४ मध्ये ग्रेट्झेल पद्धतीच्या, म्हणजे रंगद्रव्याच्या साह्याने वीज बनवणाऱ्या, लाल, हिरव्या, नारिंगी काचा बसल्या आणि त्या शोभतातही. पण तेथून माणसे ये-जा करतात, आठ तास बसून हिशेब लिहीत नाहीत.

म्हणून पत्रकातील छायाचित्रावर न जाता हातभर लांबीरुंदीचा नमुना मागवावा, तो प्रत्यक्ष खिडकीशी धरून त्यामागे पांढरा कागद आणि आपला तळहात ठेवावा. कागद पिवळट आणि कातडी आजारी दिसू लागली, तर ती काच बैठकीच्या जागेसाठी नव्हे. यात केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. डोळ्यांतील काही पेशी मुख्यतः ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशावरून शरीराला दिवस असल्याचे कळवतात, आणि तपकिरी काच नेमका तोच प्रकाश अडवते. शिवाय दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागली, तर मिळवलेली वीज तिथेच खर्ची पडते. डोळ्यांच्या पातळीला साधी काच आणि वरच्या झरोक्याला सौर काच, ही विभागणी मला सर्वांत समंजस वाटते.

उन्हाचा जो भाग काच शोषते, त्याची थोडीच वीज होते. उरलेल्याची उष्णता होते. ५ टक्के कार्यक्षमतेच्या १ चौरस मीटर काचेवर १००० वॅटचे ऊन पडले, तर वीज ५० वॅट मिळते आणि तावदान तापते. एकेरी काच असेल तर शेजारी बसणाऱ्याच्या खांद्याला ती झळ लागते, मग एसी कितीही वाढवा. आतल्या बाजूस लो-ई लेपाची, म्हणजे उष्णता आत येऊ न देणाऱ्या अतिपातळ लेपाची, दुसरी काच घेणे हा खरा उपाय आहे. जाड पडदा काचेला चिकटून लावू नये, कारण मध्ये कोंडलेल्या उष्णतेने काच तडकू शकते.

दिशेचा हिशेबही परदेशी तक्त्यावरून करू नये. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या काचेवर त्या काळात थेट ऊन पडतच नाही. पूर्व-पश्चिमेला ते भरपूर मिळते, पण तिरपे, थेट डोळ्यांत येणारे. तेथे चकाकीचा बंदोबस्त आधी हवा.

वीज घटल्याची तक्रार असेल, तर आधी घड्याळ पाहावे. रोज ठरावीक वेळीच घट होत असेल तर छज्जा, ग्रिल किंवा दोरीवरचे कपडे यांची सावली शोधावी, कारण एकामागोमाग जोडलेल्या सेलपैकी थोडेसे झाकले गेले तरी सगळ्या ओळीचा प्रवाह खाली येतो. दिवसभर थोडी घट असेल तर बहुधा धूळ असते. वीज पूर्ण बंद पडली तर इन्व्हर्टर (काचेतली वीज घरच्या वापराजोगी करणारे यंत्र) किंवा जोडणी तपासायला हवी, पण ते काम स्वतः करू नये. उजेड आहे तोवर त्या तारांत वीज असतेच. काचेच्या कडेला दुधाळ डाग दिसू लागले, तर आत ओल शिरली आहे असे समजावे आणि चौकटीतली पाणी जाण्याची भोके सिलंटने बुजवली गेली आहेत का, हे फॅब्रिकेटरकडून पावसाळ्याआधीच पाहून घ्यावे.