खालची टाय आडवी वाकली तेव्हा कळलेलं स्टील डिझाईन

सिव्हिल करून नुकतेच कन्सल्टंटकडे चिकटलेत ना, त्यांच्यासाठी लिहितोय. टेन्शन (ताण), कॉम्प्रेशन (दाब), स्टील डिझाईनचा आयएस 800 चा 2007 वाला लिमिट स्टेट कोड, हे तुम्हाला येतं असं धरतो. मलाही येत होतं. म्हणजे पेपरात, आणि तिथेही स्टीलला एकदा एटीकेटी लागलीच होती, तर ज्यांची लागलीये त्यांनी मनाला लावून घेऊ नका, साईटवर मार्कशीट कोणी विचारत नाही.

काम रावेरकडचं. केळीचे क्रेट ठेवायला शेड, स्पॅन 12 मीटर, तीन बाजूंनी पत्रा आणि समोरची बाजू गाड्या लागायला सताड उघडी. ट्रसच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) खालच्या टायला, म्हणजे तळाच्या दांड्याला, 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरचे दोन एल आकाराचे अँगल पाठीला पाठ लावून, मधे 8 मिलिमीटरची गसेट (जोडपट्टी), पॅनल, म्हणजे दोन जोडांमधलं अंतर, 2 मीटरचं. स्टॅड ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं, वारापण लावला (हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर सगळे हेच म्हणाले की वारा विसरला असशील), सगळे मेंबर (दांडे) पास. ऑफिसातल्या सिनियरनी प्रिंटवर नजर फिरवली आणि झालं.

जूनमध्ये वादळ आलं. आपल्याकडचं ते वादळ रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको, उभी बाग तासाभरात झोपते. शेड उभी होती, पत्रा एक उडाला नव्हता, मी मनात खूश. आत जाऊन वर बघतो तर मधल्या तीन ट्रसच्या टाय आडव्या गेलेल्या, खाली नाही, आडव्या, पोट सुटल्यासारख्या एका अंगाला फुगलेल्या. मालक आप्पा शेजारी उभे. म्हणाले, "का रे भो, पत्रा तं जागेवर हाये, मग हे खालचं कसं काय वाकलं?" मला उत्तर देता आलं नाही. पायाखालची जमीन सरकणं काय असतं ते तेव्हा कळलं.

आता नीट वाचा. छपराचं वजन खाली दाबतं तेव्हा खालची टाय ताणात असते. वारा उघड्या बाजूने आत घुसला की पत्रा खालून वर ढकलला जातो, शिवाय वरून वाऱ्याचं ओढणं असतंच. वाऱ्याचा दाब 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे 39 मीटर प्रति सेकंद धरला तर चौरस मीटरला साधारण 900 न्यूटन, आणि आयएस 875 ह्या कोडच्या वाऱ्यावरच्या तिसऱ्या भागाप्रमाणे मोठी उघडी बाजू असली की आतल्या दाबाचा गुणांक 0.7 पर्यंत जातो. पत्र्याच्या शेडचं वजन त्यापुढे काहीच नाही. म्हणजे छप्पर उचललं जातं, आणि ताणातली टाय दाबात येते. खराट्याची काडी ओढा, तुटायची नाही, टोकाकडून दाबा, लगेच बाजूला पळते.

हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की काडी किती लांब आहे ते सॉफ्टवेअरला कोण सांगतं. मी सांगितलंच नाही, तर त्याने स्वतःहून नोड ते नोड, म्हणजे जोड ते जोड, 2 मीटर धरली, दोन्ही दिशांना. ट्रसच्या पातळीत ते बरोबरच आहे, तिथे उभे-तिरके मेंबर नोडला धरतात. पण आडव्या दिशेने त्या नोडला कोण धरतंय? कोणीच नाही. वरच्या रॅफ्टरला (ट्रसच्या तिरक्या दांड्याला) निदान पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या पट्ट्या) असतात, खाली हवा. म्हणजे आडवी वाकायला लांबी 2 नाही, अख्खी 12 मीटर. ह्या जोड-अँगलचा त्या दिशेचा आर (रेडियस ऑफ जायरेशन, छेद वाकायला किती विरोध करतो त्याचं माप) साधारण 24 मिलिमीटर, लांबी भागिले आर म्हणजे काडीचा सडपातळपणा, 12000 भागिले 24, पाचशे! कोडमध्ये वाऱ्याने उलटा दाब येऊ शकणाऱ्या टायलाही मर्यादा 350. ताणात हीच टाय अडीचशे किलोन्यूटन घेते, सॉफ्टवेअरच्या हिशोबाने दाबात ऐंशीच्या आसपास, आणि खऱ्या लांबीला जेमतेम आठ. ऐंशीच्या जागी आठ. मी ही आकडेमोड हाताने तीनदा करून बघितली, रात्री दोन वाजता.

म्हणून एलवाय, म्हणजे सॉफ्टवेअरमधली ही आडवं वाकण्याची लांबी, स्वतः टाका. डिफॉल्टवर सोडू नका. ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारा की हा नोड आडवा कोण धरतो, आणि तो मेंबर दाखवता आला नाही तर तो नाहीये.

महिन्याभरात स्टॅड शिकवणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा राग आहे, तो असू द्या. हिरवा रंग (म्हणजे सगळे मेंबर पास) कसा आणायचा तेवढंच शिकवतात. सिनियरची जुनी एक्सेल शीट तर त्याहून वाईट, ती कोणत्या शेडसाठी बनली ते त्यालाही आठवत नसतं. मला खरं शिकवलं ते जळगाव एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटर मिस्त्रीने, दहावी नापास माणूस. खालून शेडच्या लांबीच्या दिशेने पाईप टाकायचे ठरलं, टायच्या तिसऱ्या हिश्शावर दोन लायनी, म्हणजे मोकळी लांबी 4 मीटर. मी तेवढंच काढून दिलं. तो म्हणाला, "साहेब, हे सगळे ट्रस हातात हात घालून एकाच बाजूला पडतील की." बरोबर होतं. पाईप नुसते ट्रसला ट्रस जोडतात, ते शेवटच्या गाळ्यात (दोन ट्रसमधल्या जागेत) तिरक्या ब्रेसिंगला नेऊन अडकवले तरच धरतात. ते कोडमध्येही आहे, पण मी वाचलं तेव्हा डोळ्यासमोर काही आलं नव्हतं.

वाकलेले अँगल बदलून, नवीन हिशोबाने जाड करून लावले. घाबरवायला लिहीत नाहीये, पहिल्या वर्षी असं काहीतरी होतंच, आणि कोणाला लागलं नाही हे माझं नशीब. पण सही करायची घाई कोणी करत असेल तर करू देऊ नका, सरळ नाही म्हणा, नोकरी दुसरी मिळते.

पाईपांचा अर्धा खर्च आप्पांनी घेतला, अर्धा मी पगारातून दिला. शेवटचा हप्ता द्यायला गेलो तेव्हा त्यांनी पैसे मोजले नाहीत, भरीत-भाकरी वाढली आणि जेवताना वर बोट करून विचारलं, "तो पाईप कशासाठी हाये, ते पुन्हा सांग."