नाताळच्या भेटीसाठी बदाम-बेदाण्याची चॉकलेटं

साधारण ५० चॉकलेटांसाठी ४०० ग्रॅम डार्क आणि १०० ग्रॅम मिल्क कंपाउंड चॉकलेट घ्या. नुसतं मिल्क फार गोड होतं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, म्हणून टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठराविक तापमानाला वितळवून गार करण्याची, कटकट नाही. चव मात्र खऱ्या कुव्हर्चरची, म्हणजे कोको बटर असलेल्या अस्सल चॉकलेटची, येत नाही, हेही खरं.

६० ग्रॅम बदाम मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण गार करून जाडसर चिरा. ४० ग्रॅम बेदाणे कोरडे पुसून घ्या.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा. वर कोरडं भांडं ठेवा. त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. त्यात बारीक चिरलेलं कंपाउंड घालून रबरी चमच्याने हलवत वितळवा. पाण्याचा एक थेंब किंवा वाफही आत गेली, तर साखर ओलावा धरते आणि चॉकलेटचा घट्ट, रवाळ गोळा होतो. तो साच्यात घालायच्या कामाचा नाही. गरम दूध घालून सॉस करा. जास्त तापलं तरी चॉकलेट घट्ट होतं.

सुकामेवा मिसळा, सिलिकॉनच्या साच्यात भरा आणि साचा ओट्यावर आपटा, नाहीतर बुडबुड्यांची भोकं राहतात. फ्रिजमध्ये १५ मिनिटं पुरेत. फ्रीजर नको: बाहेर काढताच चॉकलेटांना पाणी सुटतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हमखास.

काढल्यावर अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मगच फॉइलमध्ये गुंडाळा. बोटांचे ठसे उमटतात, म्हणून हातमोजे घाला.