एपीएस असताना आयएनआर कसा सांभाळावा

अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, अर्थात एपीएस, या विकारात प्रतिकारशक्तीच अशी प्रतिपिंडे तयार करते की पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. एका अहवालावर निदान पक्के होत नाही. पॉझिटिव्ह आलेली चाचणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

गुठळी होऊन गेलेल्यांना बहुधा दीर्घकाळ रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारणपणे 2 ते 3 च्या दरम्यान ठेवला जातो. रक्त शक्यतो एकाच प्रयोगशाळेत द्यावे. फिकट निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली आहे ना, हे स्वतः पाहावे, कारण तिच्यात रक्त गोठू न देणारे सायट्रेट आधीच असते आणि रक्त कमी पडले तर आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा एका वहीत लिहावी. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

पालेभाज्या बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे. खरी अडचण प्रमाण बदलण्याची असते. नागपुरात हिवाळ्यात मेथी-पालक स्वस्त झाले की घरोघरी पातळ भाजी रोज शिजते, व्हिटॅमिन के वाढते आणि आयएनआर खाली येतो. म्हणून आठवड्याचे प्रमाण वर्षभर सारखे ठेवावे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा पाणी कमी पडू देऊ नये.

अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयएनआरची कटकट टाळण्यासाठी रिव्हारोक्साबॅन हे रक्त पातळ करणारे दुसरे औषध परस्पर सुरू करू नये. एपीएसमध्ये तपासली जाणारी तिन्ही प्रतिपिंडे पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत वॉरफेरिनच्या तुलनेत त्यावर अधिक गुठळ्या झाल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्याही टाळाव्यात. वॉरफेरिन गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे; गरोदरपणात हेपॅरिनची इंजेक्शने आणि कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली जाते.

एकच पाय सुजणे, अचानक धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, काळी शौच किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता नागपुरातील मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात वहीसह तत्काळ जावे.